आण्णांचा ब्लोअर आणि दादाचे दोन टर्बो

ज्या वर्षी काचबिंदूनं माझ्या वडिलांचे डोळे पुरते गेले, त्याच वर्षी माझ्या भावानं त्यांचा जुना ट्रक पुन्हा चालू करायला घेतला. लोक म्हणाले, पोरगं असावं तर असं. बापाला दिसायचं बंद झालं, तर बापाचा जीव जिच्यात अडकला होता ती गाडी उभी करतोय. मला ही बातमी बेंबळीला, माझ्या सासरी, फोनवर कळली. मलाही बरं वाटलं.

आमचं गॅरेज अणदूरच्या अलीकडं, हैदराबादच्या हमरस्त्याला लागून. वडिलांना गावात आणि घरात आण्णा म्हणत आणि गॅरेजात उस्ताद. गॅरेज काढण्याआधी ते स्वतः ट्रक चालवायचे. तोच हा ट्रक. लांब नाकाचा, इंजिन ड्रायव्हरच्या पुढं बॉनेटखाली, सहा सिलिंडरचा. माकणीच्या धरणाचं काम चालू होतं तेव्हा आण्णांनी या ट्रकनं तिथं दगड आणि वाळू ओढली. गाडी कष्टाळू होती, पण दम कमी. तुळजापूरच्या घाटात ती पहिल्या गिअरवर रांगत चढायची आणि मागं गाड्यांची रांग लागायची. एकदा पुढं निघालेल्या एसटीच्या खिडकीतून एका बाईनं हातातला नारळ दाखवून आण्णांना विचारलं होतं, "ढकलू का हो थोडं?" सगळी एसटी हसली होती. ही गोष्ट आण्णांनी आम्हाला कितीतरी वेळा सांगितली, आणि ती सांगताना त्यांना स्वतःला कधी हसू आलं नाही.

आण्णा हसवणारे नव्हतेच. हात चालायचा आणि त्याच्याआधी तोंड. मला त्यांनी कधी मारलं नाही. मी मुलगी, मला ते मोजतच नव्हते. टायरवर बसून मी शाळेचा अभ्यास केला, आवाजावरून कुठल्या इंजिनात काय बिघडलंय ते मला दहावीच्या आधी कळायला लागलं, पण मी तोंड उघडलं की ते म्हणायचे, "च्या झाला का बघ." मार दादाच्या वाट्याला. फॅनच्या बेल्टचा.

आणि एकदा बेल्टपेक्षा वाईट झालं. दादा तेव्हा नुकता मिसरूड फुटलेला. गॅरेजात चार-पाच ड्रायव्हर बसलेले. एका गाडीच्या एक्झॉस्टमधून गळती होती, दादाला ती सापडेना. आण्णांनी तेलकट फडक्यानं त्याचे डोळे बांधले आणि म्हणाले, "खरा उस्ताद आंधारात बी काम करतो. हातानं शोध." इंजिन चालू होतं. दादा चाचपडत गेला आणि त्याचा उजवा तळवा इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या मॅनिफोल्डवर पडला. तो ओरडला तसे ड्रायव्हर उठून उभे राहिले. आण्णा म्हणाले, "आता जल्मात इसरनार न्हाईस गळती कुठं असती ते." आणि त्याच हातात त्यांनी पाना दिला. दादाच्या तळव्याची कातडी आजही चकाकते, आणि थंडीत मूठ नीट वळत नाही.

आता आण्णा आंधळे होते, आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि गॅरेज दादाचं होतं.

ट्रक खोलला तेव्हा वाद सुरू झाला. गाडी नुसती चालू करायची नाही, भरलेल्या लोडनं घाट चढवायची, असं दादानं ठरवलं होतं. त्यासाठी इंजिनात जास्त हवा कोंबायला हवी. जास्त हवा, तेवढं जास्त डिझेल जळणार, तेवढी ओढ. हे करायचे दोन रस्ते. एक म्हणजे टर्बो: बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि ते दुसरीकडून हवा आत ढकलतं. दुसरा म्हणजे सुपरचार्जर, ज्याला आमच्याकडं सगळे ब्लोअरच म्हणतात. तो बेल्टनं इंजिनालाच बांधलेला. इंजिन फिरलं की तो फिरतो.

आण्णांना ब्लोअर हवा होता. माकणीच्या धरणावर माती ओढणारी मोठी परदेशी यंत्रं होती, त्यांच्या इंजिनावर ब्लोअर असायचे. त्यांचा तो चिरका, सलग आवाज तरुण आण्णांच्या कानात जो बसला तो बसला. सिमेंट वाहणाऱ्या टँकरवरचा एक जुना ब्लोअर त्यांनी सोलापूरच्या भंगारातून आणून गोणपाटात गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवला होता. आपल्या ट्रकला तो बसवायचाच, असं म्हणत म्हणत त्यांचं वय झालं आणि डोळे गेले.

दादाला टर्बो हवे होते. तेही दोन. एक मोठा टर्बो उशिरा जागा होतो, दोन लहान लवकर. पुढच्या तीन सिलिंडरचा धूर एकाला, मागच्या तीनचा दुसऱ्याला. उमरग्याजवळ उलटलेल्या दोन टेंपोंचे टर्बो त्यानं आणूनही ठेवले होते.

मी तेव्हा आण्णांच्या डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन आले होते. नजर गेली तरी डोळ्यांतला दाब वाढू नये म्हणून थेंब घालावेच लागतात. गॅरेजात दादाचे दोन मेकॅनिक आणि एक-दोन ओळखीचे ड्रायव्हर चहा पीत होते.

"टर्बो म्हंजी उष्ट्या धुरावर जगनारं यंत्र," आण्णा म्हणाले. "पाय दाबायचा आन वाट बघत बसायचं. घाटात वाट बघायला येळ असतो व्हय? ब्लोअरला पाय दिला की हवा."

"ती हवा फुकट न्हाय येत," दादा म्हणाला. "ब्लोअर इंजनाचीच ताकद खातो. आदी सोता पोटभर जेवतो, मग उरलंसुरलं चाकाला देतो. तुमच्यावानी."

मेकॅनिक हसले. आण्णांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"आन टर्बो तुझ्यावानी. सगळ्यास्नी जाग येऊन गेल्यावर उठनारा. पन्नाशी आली, अजून बापाच्या गॅरेजात बसलाय."

या वेळी कुणी हसलं नाही. दादानं कप खाली ठेवला. मला वाटलं आता भांडण पेटणार. पण तो एकदम मऊ आवाजात म्हणाला, "बरं आण्णा. गाडी तुमची. तुमचाच ब्लोअर बसवू."

 आण्णांनी हात पुढं केला आणि हवेत तसाच ठेवला. दादानं तो धरला. मी त्या दिवशी बेंबळीला परत गेले ती, बापलेकांचं आयुष्यात एकदा तरी जुळलं, असं नवऱ्याला सांगतच.

पुढच्या फेरीला मी गेले तो रविवार होता, खंडोबाला जाणाऱ्यांची रस्त्यावर गर्दी होती. गॅरेजच्या दारात बाजेवर आण्णा बसलेले. पुढ्यात ताटात डिझेल, मांडीवर ब्लोअर उघडलेला. आतले दोन रोटर ते बोटांनी चाचपत धूत होते. फट किती आहे ते पातळ पट्टी घालून नखानं अजमावत होते. तोंडावर असं समाधान मी त्यांच्या कधी पाहिलं नव्हतं.

"आली का?" ते म्हणाले. "बघ, बेरिंग अजून नव्यावानी हायत. पोरानं बसवायचं ब्रॅकेट बी बनिवलंय म्हनं."

त्यांच्या पाठीमागं, चार हातांवर, ट्रकचं इंजिन उघडं होतं. मॅनिफोल्ड मधोमध कापून दोन केलेलं. आणि दोन्हीवर एक-एक टर्बो घट्ट बसवलेला. तेलाच्या नळ्याही जोडून झाल्या होत्या. ब्लोअरच्या ब्रॅकेटचा कुठं पत्ता नव्हता. एक मेकॅनिक माझ्याकडं बघून गालात हसला आणि आण्णांच्या दिशेनं डोळा मिचकावला.

मी दादाला बाजूला घेतलं. "हे काय चाललंय?"

"काम."

"म्हाताऱ्याला असं बसवून ठेवलंय? दिवसदिवस ते भंगार धुवायला?"

"त्येला काम पायजे व्हतं, दिलं." दादानं हात पुसला. "खरा उस्ताद आंधारात बी काम करतो."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"आण्णा सोडून सगळ्यास्नी. तू सांग की त्येला. जा, सांग. मला बी बघू दे तोंड कसं हुतंय."

मी सरळ आण्णांकडं गेले. त्यांच्याजवळ बाजेवर बसले आणि सांगितलं, "आण्णा, तुमचा ब्लोअर बसवणार नाहीत. इंजिनाला टर्बो लावलेत. दोन. मी आत्ता डोळ्यांनी बघितले."

त्यांची बोटं थांबली. गॅरेजातले हातोडे, पाने, सगळं थांबलं. दादा दारात उभा राहून बघत होता.

मग आण्णांनी माझ्या बाजूचा खांदा झटकला. "तुला कवा इंजन कळलं? टर्बो कसा दिसतो ते तरी ठावं हाय का? मास्तराची बायकू तू. भाऊ बापाचं ऐकायला लागला ते बघवंना व्हय तुला?"

"हात लावून बघा. चला, मी नेते."

मी त्यांचं मनगट धरलं, उठवलं. ते दोन पावलं आलेही. दादा शांतपणे म्हणाला, "आण्णा, आताच येल्डिंग केलंय. मॅनिफोल्ड तापल्यालं हाय. हात भाजंल."

आण्णांनी हात मागं ओढून घेतला आणि छातीशी धरला. तसेच मागं सरकत बाजेवर बसले आणि ताटातला रोटर शोधायला लागले. म्हणाले, "च्या झाला का बघ."

वहिनीनं चहा टाकलाच होता. मी तो न घेता निघाले. एसटीत खिडकीशी बसून मला रडू यायला हवं होतं, पण संताप येत होता. दादाचा जेवढा, तेवढाच आण्णांचा. मेकॅनिक लोकांसमोर एका माणसानं मला खोटं पाडलं, आणि ज्याच्यासाठी मी तोंड उघडलं होतं तोच तो माणूस.

गाडी चालू करायचा दिवस दादानं कार्यक्रमासारखा केला. मांडव नव्हता, पण माणसं मांडवाची होती. आजूबाजूचे गॅरेजवाले, ढाब्यावरचे ड्रायव्हर, गावातली चार प्रतिष्ठित मंडळी. ट्रकला रंग दिलेला, नाकावर झेंडूचा हार, मागं हौद्यात काठोकाठ खडी. आण्णांना फेटा बांधला होता. ब्लोअर आठवडाभर आधीच दादानं त्यांच्या हातातून "बसवायला" म्हणून नेला होता आणि त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकला होता. हे मला वहिनीनं कानात सांगितलं. ती म्हणाली, "म्या लई सांगितलं. माजं कोन ऐकतंय."

दादानं स्वतः आण्णांचा हात धरून त्यांना केबिनमध्ये चढवलं, शेजारच्या सीटवर बसवलं. स्वतः स्टेअरिंगला बसला. बॉनेटची एक बाजू उघडीच ठेवली होती, आतलं सगळ्यांना दिसावं म्हणून. मग त्यानं इंजिन चालू केलं.

इंजिन सुरेख लागलं. एकसारखं, खोल. आण्णांनी डोकं पुढं वाकवलं, कान बॉनेटकडं केला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू होतं. मग ते गेलं आणि तिथं भीती आली.

"बंद कर!" ते ओरडले. "बंद कर रं, बेल्ट निसाटलाय! ब्लोअर फिरंना! पुढं कोन हुबं असंल तर सरका, बेल्ट तोंडावर बसंल!"

ते खरोखर लोकांच्या जिवाची काळजी करत होते. दोन्ही हात हलवून माणसांना बाजूला व्हायला सांगत होते. आणि माणसं हसायला लागली. आधी मेकॅनिक, मग ड्रायव्हर, मग सगळे. दादानं पाय दाबला. इंजिनाचा आवाज चढला आणि त्याच्यावर दोन बारीक शिट्ट्या चढत गेल्या, एकीत एक मिसळलेल्या. टर्बोची शिट्टी. असल्या शिट्टीची गाडी आण्णांच्या गॅरेजवरून रोज जाते.

आण्णांचे हात हवेतच राहिले. मग त्यांनी ते खाली घेतले आणि मांडीवर ठेवले.

"काय आण्णा," दादा खिडकीबाहेर ऐकू जाईल असं म्हणाला, "आता ऐकायला बी कमी आलं का?"

पुन्हा हशा. फेट्याखालचं आण्णांचं तोंड एकदम बारीक दिसायला लागलं. मी केबिनचं दार उघडून वर चढले आणि त्यांच्या पलीकडं बसले. मी त्यांना उतरा म्हणाले, ते उतरले नाहीत. दादानं गिअर टाकला. "चला, घाटात," तो म्हणाला.

 घाटाच्या पायथ्याशी दादानं दुसरा टाकला, जरा वेग घेतला आणि तिसरा टाकला. मी या ट्रकमध्ये लहानपणी बसले आहे. या चढावर तो कसा धापा टाकायचा ते मला ठाऊक होतं. आता तो चढाला लागला आणि त्याचा वेग पडला नाही. शिट्टी वाढली, ओढ वाढली, खडीचं ओझं पाठीवर असल्याचं जाणवेना. वळणावर एक एसटी पुढं होती. दादानं हॉर्न दिला, गाडी बाहेर काढली आणि एसटीला मागं टाकलं. खिडकीतली माणसं माना वळवून जुन्या गाडीकडं बघत राहिली.

"बघा आण्णा!" दादा ओरडला, आणि मग हसत म्हणाला, "इसरलोच. ऐका."

वर सपाटीला आल्यावर आण्णा म्हणाले, "गाडी घे बाजूला."

दादानं घेतली. इंजिन चालूच ठेवलं, टर्बो तापले की लगेच बंद करायचे नसतात म्हणून.

"कुटल्या गिअरला चढली?" आण्णांनी विचारलं.

"तिसऱ्या."

"खाली उतरावा लागला न्हाय?"

"एकदा बी न्हाय."

"धूर?"

"वळनावर थोडा. बाकी साफ."

आण्णा बराच वेळ इंजिन ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुझं खरं हाय. ब्लोअर लावला असता तर ह्या इंजनानं दुसरा गिअर मागितला असता. माजं चुकलं व्हतं."

दादानं त्यांच्याकडं असं बघितलं की मला त्याच्याकडं बघवेना. पन्नाशीला आलेला माणूस, दाढीत पांढरं आलेलं, आणि तोंड शाळेतल्या पोराचं. तो काहीतरी बोलणार होता. आण्णांनी बोलू दिलं नाही.

"तुझा हात भाजला तवा तू लई रडलास. मला वाटलं व्हतं, ह्ये भागूबाई हाय, माज्याकडचं कायबी शिकनार न्हाय." त्यांनी कान पुन्हा इंजिनाकडं केला. "शिकलास की."

दादाची मान खाली गेली. स्टेअरिंगवर त्याचा उजवा हात होता, तो त्यानं काढून मांडीखाली सरकवला.

"मला हिच्याकडं सोड," आण्णा म्हणाले. "बेंबळीला."

"मला विचारलं का?" मी म्हणाले. खरंच म्हणाले. दोघांपैकी कुणाच्याही कानावर ते गेलं नाही.

"उतरा," दादा म्हणाला.

"बेंबळीला सोड म्हनतोय."

"म्या उतरा म्हनलो. हितंच. उतरा खाली!"

मी उतरले, आण्णांना हात देऊन उतरवलं. त्यांचा पाय पायरीवरून निसटला, फेटा सुटून खांद्यावर आला. दादानं दार ओढून लावलं आणि ट्रक पुढं काढला. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, आमच्यामागं देवीला चालत जाणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. शिट्टी लांब लांब गेली. आण्णा मान कलती करून ऐकत होते.

"गिअर उशिरा टाकतोय," ते म्हणाले.

मी त्यांचा फेटा गोळा करून पिशवीत घातला. एका जीपला हात केला. तुळजापुरात उतरून दुसरी गाडी बघितली, आणि संध्याकाळच्या आत बेंबळीला पोचलो. घरी नवऱ्यानं पाहुण्यांची खाट बाहेरच्या खोलीत टाकली.

आण्णा आजही माझ्याकडंच आहेत. मी त्यांना आधीच खरं सांगितलं होतं, हे त्यांनी त्या दिवशी बोलून दाखवलं नाही आणि नंतरही कधी नाही. माझी भाकरी त्यांना जाड लागते, नवरा शाळेतून उशिरा येतो म्हणून ते त्याला ऐकवतात, आणि माझ्या लेकीनं इंजिनिअरिंगला मेकॅनिकल घेतलं हे ऐकून ते म्हणाले, "कुनाचा च्या बिघडवायला?" लेक त्यांच्या तोंडावर हसली. मला तसं कधी जमलं नाही.

दादाचं बरं चाललंय. त्या घाटाचा व्हिडिओ कुणीतरी केला होता, तो फिरला. आता उमरग्यापासून, अगदी आळंदपासूनही लोक जुन्या गाड्यांना टर्बो बसवायला त्याच्याकडं येतात. वहिनी सांगते, तो ट्रक गॅरेजच्या पुढं उभा असतो आणि रोज सकाळी तो स्वतः पुसतो, कुणाला हात लावू देत नाही. मेकॅनिकांवर लई ओरडतो, असंही तीच सांगते. परवा एका मेकॅनिकच्या पाठीत त्यानं पाना मारला.

दिवाळीत तो आमच्याकडं आला. मोटारसायकलवर, एकटा, हातात मिठाईचा खोका. आण्णा अंगणात खुर्चीवर होते. लांबून कुणाचं पाऊल वाजलं तरी ते माणूस ओळखतात, दूधवाला, शेजारची सून, नवऱ्याच्या शाळेतला शिपाई, कुणीही. दादा फाटकातून आत आला, त्यांच्या पुढ्यात उभा राहिला.

"कोन?" आण्णांनी विचारलं.

"मी."

"मी म्हंजी कोन?"

दादा उभाच राहिला. मी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले होते, मीही दारातच थांबले. आण्णा तोंड वळवून रस्त्याकडं करून बसले. दादानं खोका पायरीवर ठेवला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "थेंब येळेवर घालत जा त्यास्नी." मग तो गेला.

मी पाणी आत नेलं आणि थेंबांची बाटली घेऊन आले. आण्णांनी मान मागं टाकली. पहिला थेंब गालावर पडला.

"एक काम धड करता येत न्हाय," ते म्हणाले. मी त्यांची हनुवटी धरली, नीट वर केली आणि दुसरा थेंब डोळ्यात घातला.